शुक्रवारचं गाणं आणि मोकळा हात

आवाज मागेपर्यंत येतोय ना? येतोय, छान. तुमचा मला कितपत येईल ते नंतर बघू, कारण माझ्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. त्यांचा आजच्या विषयाशी संबंध आहे, तो पुढे येईलच.

संयोजकांनी फोनवर विषय सांगितला तो असा : वीकेंडची सुरुवात करायला तुमचे आवडते म्युझिक व्हिडिओ आणि आवडतं प्रत्यक्ष गाणं. मी म्हटलं, अहो, मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, मला कशाला बोलावता? तर ते म्हणाले, सर, तुम्ही दर शुक्रवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आम्हाला सगळ्यांना एक गाणं पाठवता, ते का पाठवता तेवढं सांगा. (हशा) तेव्हा आज मी आरोपी आहे आणि हा माझा जबाब आहे असं समजा.

आधी 'वीकेंड' या शब्दाचं बघू. हल्लीची मुलं हा शब्द असा वापरतात की जणू तो पंचांगातच छापलेला होता. तसं नाही. साप्ताहिक सुट्टी आपल्याला कोणी बसल्या जागी दिली नाही. या मुंबईत गिरणीतला कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत होता. नारायण मेघाजी लोखंडे, जोतीरावांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे आपल्या रविवारला तारीख आहे, त्यामागे माणसं आहेत. आणि रविवार मिळाल्यावर त्या कामगारांनी काय केलं? झोपले असतील, कपडे धुतले असतील, पण गायलेसुद्धा. गिरणगावातली भजनी मंडळं, लालबाग-परळचे तमाशाचे फड, आणि पुढे अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक, हे सगळं त्या मोकळ्या वेळात वाढलं.

माझ्या पिढीला शनिवारी अर्धा दिवस असायचा. दुपारी दोनला कचेरी सुटली की आठवडा संपला. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला तो थेट २०२० च्या फेब्रुवारीअखेर. तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ हा उंबरठा आपल्यातल्या बऱ्याच जणांसाठी अगदी अलीकडचा आहे. माझ्या लहानपणी तो उंबरठा शनिवारी रात्री होता आणि त्याचा आवाज रेडिओतून यायचा. १९५२ मध्ये आकाशवाणीने संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, शनिवारी रात्री साडेनऊला. वडील रेडिओजवळ खुर्ची ओढून बसायचे, आणि घरात कोणी भांडं जरी वाजवलं तरी मान न वळवता नुसता हात वर करायचे. तो हात अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

आता मुद्द्यावर येतो. आठवडा संपताना गाणं कशाला लागतं? थकवा जातो म्हणून, असं कोणीही सांगेल. पण थकवा झोपेनेही जातो, चहानेही जातो. गाणं जे करतं ते वेगळं आहे आणि त्याबद्दल आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी एका माणसाने फार नेमकं लिहून ठेवलंय.

काश्मीरचा अभिनवगुप्त. भरताच्या नाट्यशास्त्रावर त्याची 'अभिनवभारती' नावाची टीका आहे. त्यात तो विचारतो की नाटक चांगलं आहे, नट चांगले आहेत, तरी प्रेक्षकाला रस का येत नाही? आणि सात अडथळे सांगतो. त्याचा शब्द विघ्न असा आहे. सातही सांगत बसत नाही, परीक्षा नाहीये आज. त्यातलं एक विघ्न आपल्या कामाचं. त्याचं नाव लांबलचक आहे, निजसुखादिविवशीभाव. म्हणजे काय, तर माणूस स्वतःच्याच सुखदुःखाने इतका घेरलेला असतो की त्याचं मन दुसऱ्या कशावर ठरत नाही. अंगाने नाट्यगृहात, मनाने घरच्या भांडणात. सुखसुद्धा बरं का, नुसतं दुःख नाही. पगारवाढ झालेला माणूसही नाटक बघत नाही, तो मनात हिशेब करत असतो. (हशा)

मग याच्यावर उपाय? अभिनवगुप्त म्हणतो, म्हणून तर नाटकात गाणं आणि वाद्यं ठेवलीत, म्हणून मंडप सजवलेला असतो. या गोष्टी माणसाला त्याच्या स्वतःच्या कटकटीतून अलगद उचलतात. आणि पुढे तो असं म्हणतो की, एरवी ज्याला रसिक म्हणता येणार नाही अशा माणसाचंही मन त्याने स्वच्छ होतं आणि तो सहृदय होतो. मला हे वाक्य फार मोठं वाटतं. रसिकता जन्मजात असते, ती काही मोजक्या लोकांकडे असते, असं आपण समजतो. हा माणूस म्हणतो, नाही, ती त्या संध्याकाळपुरती तयार करता येते आणि गाणं ते काम करतं.

भरताने तर नाटक सुरू होण्याआधीच्या या सगळ्या तयारीला एक अख्खा अध्याय दिलाय, पाचवा. पूर्वरंग. त्याची पहिली नऊ अंगं पडद्याआड होतात. वाद्यं मांडणं, गायकांनी जागेवर बसणं, वाद्यं जुळवणं, हेसुद्धा त्यात मोजलंय. म्हणजे तंबोरा जुळवणं ही कार्यक्रमापूर्वीची अडचण नाही, ते कार्यक्रमाचंच अंग आहे. आपला तमाशाही गणाशिवाय सुरू होत नाही. गण, गौळण, मग बतावणी, मग वग. माझं शुक्रवारचं गाणं हा त्या दोन दिवसांचा गण आहे. पाच दिवस ज्याने त्याने आपापल्या साहेबाचं, बँकेच्या हप्त्याचं, पाठीच्या मणक्याचं ओझं वाहिलेलं असतं. ते उतरल्याशिवाय शनिवार सुरू होतच नाही, कॅलेंडरात कितीही झाला तरी.

आता व्हिडिओकडे. म्युझिक व्हिडिओ म्हटलं की लोक एमटीव्ही सांगतात, १ ऑगस्ट १९८१, अमेरिका. बरोबर आहे, ती वाहिनी तेव्हा सुरू झाली. पण आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर माणसांनी ओठ हलवायचे, नाचायचं आणि ते चित्रित करायचं, हा उद्योग त्याच्या कितीतरी आधीपासून इथे, एस. व्ही. रोडवर चालू होता. फिल्मिस्तान. १९४३ मध्ये शशधर मुखर्जी, अशोककुमार वगैरे मंडळी मालाडच्या बॉम्बे टॉकीजमधून बाहेर पडली आणि गोरेगावात हा स्टुडिओ उभा राहिला. त्यांचा १९४७ चा 'शहनाई' हा सिनेमा. संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. त्यात एक गाणं आहे, प्रेयसीला दर रविवारी भेटायला बोलावणारं. ते स्वतः चितळकर गायलेत, बरोबर मीना कपूर. काही जणांचे ओठ हलायला लागलेत, म्हणजे आठवलं. (हशा) स्वातंत्र्याच्या वर्षी, गोरेगावच्या कंपनीचं, रविवारच्या सुट्टीवरचं गाणं! संयोजकांना हवा असलेला म्युझिक व्हिडिओ याहून नेमका कुठे मिळणार? त्या वेळी काही विद्वानांना त्याचा फार राग आला होता, थिल्लर म्हणून. मला तो आजही ताजा वाटतो. माझ्या यादीत पहिला.

दुसरा, त्याच कंपनीचा 'नागिन', १९५४. संगीत हेमंतकुमार. त्यातली पुंगी ऐकून म्हणे खेड्यापाड्यांतल्या थिएटरात साप यायचे. साप आले की नाही मला माहीत नाही, पण आले असतील तर फसले बिचारे, कारण ती पुंगी नव्हतीच. कल्याणजी शहा, पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतले, यांनी क्लॅव्हायोलिन नावाचं विजेवरचं वाद्य वाजवलं होतं आणि त्याला रवी यांची पेटी होती. पडद्यावर पुंगी दिसते, कानाला पुंगी वाटते आणि आहे भलतंच. चाळीस वर्षं मी वर्गात मुलांना प्रत्यक्ष आणि आभास यांतला फरक शिकवताना दोरी आणि सापाचं उदाहरण द्यायचो. निवृत्त झाल्यावर लक्षात आलं की त्याहून चांगलं उदाहरण घरापासून रिक्षाच्या अंतरावर होतं, आणि त्यातही सापच होता. (हशा)

तो स्टुडिओ आता राहणार नाही. साधारण चार एकर जागा. २०२५ मध्ये एका बांधकाम कंपनीने ती १८३ कोटींना घेतली, तिथे मोठ्या इमारती होतील. मी यावर गळा काढणार नाही. जिथे गाणी तयार झाली ती जागा गेली तरी गाणी राहिलीत, आणि ती राहिलीत ती व्हिडिओमुळे. हा मुद्दा व्हिडिओच्या बाजूने नोंदवून ठेवा, कारण पुढे मी विरुद्ध बाजूने बोलणार आहे.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. आमच्या इमारतीत एकच टीव्ही, दुसऱ्या मजल्यावर. गुरुवारी 'छायागीत' लागायचं. आधी लहान मुलं जाऊन बसायची, मग बायका भाजी निवडायची ताटं घेऊन, मग पुरुष दारात उभे. शेवटी त्या घरच्या माणसांनाच बसायला जागा नसायची. आता सांगा, आम्ही बघत होतो ते काय होतं? चित्रित केलेलं, कुठल्या तरी स्टुडिओत कधी तरी तयार झालेलं गाणं. म्युझिक व्हिडिओच. पण बघण्याची रीत मैफलीची होती. ठरलेली वेळ. चुकलं तर चुकलं, मागे घ्यायची सोय नाही. शेजारच्याची मांडी आपल्या मांडीला लागलेली. आणि चांगली जागा आली की खोलीभर "वा!" पुढे राष्ट्रीय प्रसारणावर 'चित्रहार' शुक्रवारी लागायला लागलं, तोवर घरोघरी संच आले होते आणि दुसऱ्या मजल्यावरची गर्दी ओसरली होती.

म्हणून प्रत्यक्ष गाणं आणि चित्रित गाणं अशी दोन खणांची वाटणी करायला मी तयार नाही. 'छायागीत' चित्रित होतं पण सामुदायिक होतं. उलट हल्ली मी प्रत्यक्ष कार्यक्रम असे बघतो की प्रत्येक माणूस आपल्या फोनच्या पडद्यातून व्यासपीठाकडे बघतोय. बसलाय सभागृहात, बघतोय व्हिडिओ! फरक कॅमेऱ्याने पडत नाही, मंडळी. तिसऱ्याच कशाने तरी पडतो. त्याचा शोध घेऊ.

आता माझे कान. चार वर्षांपूर्वी यंत्रं घेतली. तोवर व्हिडिओबद्दल माझं मत तुच्छतेचं होतं. गाणं ऐकायचं असतं, बघायचं काय त्यात, असं मी बोलायचो. यंत्रं लावून पहिल्या मैफलीला गेलो आणि दहा मिनिटांत काहीतरी विचित्र वाटायला लागलं. तंबोरा नाहीसा होत होता. सुरू झाला की ऐकू यायचा आणि थोड्या वेळाने विरायचा. दुसऱ्या दिवशी कानवाल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, सर, हे यंत्र माणसाचं बोलणं ऐकू यावं म्हणून बनवलंय. जो आवाज सारखा, एकसुरी चालू राहतो तो यंत्राला गोंगाट वाटतो, पंख्यासारखा, आणि ते तो कमी करतं. आता मला सांगा, ज्या आवाजावर आपलं अख्खं संगीत उभं आहे तो यंत्राच्या दृष्टीने पंखा! (हशा) मग त्यांनी संगीतासाठीची वेगळी सोय चालू करून दिली, त्याने बराच फरक पडला. तुमच्यापैकी कोणाला यंत्रं असतील तर हे आवर्जून विचारा, आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

पण तरी काही निसटतंच. आणि तिथे व्हिडिओ माझ्या मदतीला आला. इंग्लंडमध्ये २००६ पासून 'दरबार' नावाचा हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताचा महोत्सव होतो, लेस्टरमध्ये सुरू झाला तो. त्यांचे व्हिडिओ इंटरनेटवर आहेत. कॅमेरा कलाकाराच्या इतका जवळ जातो की तबल्याच्या शाईवर बोट कुठे पडलं ते दिसतं, सतारीची तार किती ओढली ते दिसतं. सभागृहात पहिल्या रांगेत बसूनही हे दिसत नाही. मी आता सम कानाने अर्धी पकडतो आणि अर्धी तबलजीच्या मानेवरून. आणि असं करताना कळलं की पूर्वी कान शाबूत होते तेव्हाही मी हेच करत असणार, फक्त मान्य करत नव्हतो. गायकाचा हात वर जातो, बोटं काहीतरी चिमटीत धरतात, ती स्वराची जागा असते. संगीत हे शुद्ध ऐकण्याचं असतं हे माझं तत्त्वज्ञान माझ्या कानांनी खोडून काढलं.

याच कारणासाठी मला दोन माहितीपट जवळचे आहेत. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यावरचा नंदन कुध्याडींचा 'रसयात्रा', १९९४ चा, आणि किशोरीताई आमोणकरांवरचा 'भिन्न षड्ज', अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांनी केलेला. शुक्रवारी रात्री पूर्ण बघायला हरकत नाही. आणि अर्थात 'मिले सुर मेरा तुम्हारा'. १५ ऑगस्ट १९८८ ला दूरदर्शनवर पहिल्यांदा लागलं. भैरवीवर बांधलेलं, त्यात अशोक पत्की आणि लुई बँक्स यांचा हात आहे, आणि सुरुवात भीमसेनजींच्या आवाजाने. मैफलीत भैरवी शेवटी गातात, भैरवी झाली की लोक चपला शोधायला लागतात. इथे भैरवीने सुरुवात होते आणि सगळा देश एकेक करून आत येतो. आमच्या पिढीतल्या काही जणांना ते सरकारी वाटायचं. मलाही वाटायचं. आता वाटत नाही.

हे झालं व्हिडिओच्या बाजूने. आता दुसरी बाजू.

कॅनडात ग्लेन गूल्ड नावाचा एक थोर पियानोवादक होऊन गेला. १९६४ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, त्याने जाहीर कार्यक्रम कायमचे बंद केले. त्याचं मत असं की श्रोत्यांसमोर वाजवणं म्हणजे सर्कस आहे, तोल जातोय का हे बघायला लोक येतात, खरं संगीत स्टुडिओतच. त्याच्या अगदी उलट टोकाला आपल्या केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरी गावच्या. गुरू उस्ताद अल्लादिया खाँ, ज्यांनी एकही ध्वनिमुद्रिका दिली नाही. बाईंनी काही तबकड्या दिल्या पण पुढे ध्वनिमुद्रणाला ठाम नकार. माझं गाणं ऐकायचंय तर समोर येऊन बसा. आणि दैवाची गंमत बघा, १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर पृथ्वीच्या संगीताची जी सोनेरी तबकडी गेली, तिच्यात हिंदुस्थानी संगीत म्हणून केसरबाईंची भैरवी आहे, जेमतेम साडेतीन मिनिटांची. बाई त्याच सप्टेंबरमध्ये गेल्या. ज्यांना आपला आवाज खोलीबाहेर जायला नको होता त्यांचा आवाज आज आंतरतारकीय अवकाशात आहे, आणि समोर बसायला कोणी नाही.

गूल्ड आणि केसरबाई, दोघांनीही टोक गाठलं पण दोघांनी नेमकी एकच गोष्ट ओळखली होती. समोरचा श्रोता गाण्यात ढवळाढवळ करतो. गूल्डला ते नको होतं, बाईंना तेच हवं होतं.

इंटरनेटवर एक व्हिडिओ आहे, अमेरिकन गायिका नीना सिमोन, स्वित्झर्लंडमधला माँत्रो महोत्सव, १९७६. पियानोवर गाता गाता त्या थांबतात आणि प्रेक्षागृहात उठून चाललेल्या एका मुलीला दरडावून सांगतात, खाली बस. एकदा नाही, ती बसेपर्यंत. मी हा व्हिडिओ पहिल्यांदा बघितला तेव्हा खुर्चीत ताठ झालो. घरात, एकटा, सत्तरी उलटलेला माणूस! ज्यांनी किशोरीताईंना समोर ऐकलंय त्यांना ही भीती माहीत आहे. तंबोरे मनासारखे जुळेपर्यंत सुरुवात नाही, मग किती का वेळ लागेना. सभागृहात कुजबुज झाली की ती नजर यायची. लोक म्हणायचे, ताई फार कडक. पण विचार करा, कडक कोणाशी वागतात? ज्याच्यावाचून अडतं त्याच्याशी. तुमच्या लक्ष देण्या-न देण्याने माझं गाणं बदलतं, असं त्या सांगत होत्या. व्हिडिओ तुम्हाला कधी खाली बस म्हणत नाही. तुम्ही मध्येच उठून कुकर बंद करून या, फोन घ्या, तो राग मानत नाही. इतका सहनशील गायक मिळाला की आपणही हळूहळू तसेच श्रोते होतो.

ते तिसरं काहीतरी हेच असावं. आपण तिथे असल्याने काही फरक पडतो का. 'छायागीत' बघताना गाण्याला फरक पडत नव्हता पण एकमेकांना पडत होता. मैफलीत गाण्यालाच पडतो.

आता एक अलीकडची गोष्ट सांगतो, त्यासाठी खरं तर आज बोलायला आलो. इथेच आसपास एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही काही जण शुक्रवारी छोटी बैठक करतो. पन्नास-साठ सतरंज्या-खुर्च्या, पेटी, तबला, चहा. मागच्या वर्षी एक तरुण गायिका आली होती. वसईहून लोकलने, तंबोऱ्याचं यंत्र पिशवीत, ऑफिस करून. यमन गायली. छान गायली. नंतर चहा घेताना मी म्हटलं, लोकांना फार आवडलं बरं का, सगळे चित्रण करत होते. ती हसली. म्हणाली, "हो काका. पण समेवर आले की समोर एकही हात मोकळा नव्हता."

मी घरी गेलो आणि तो फोन काढून बघितला. माझाही हात मोकळा नव्हता. तिचा अठ्ठावीस मिनिटांचा व्हिडिओ माझ्याकडे होता, जरा हललेला, तंबोरा न ऐकू येणारा. तोच मी पुढच्या शुक्रवारी तुम्हाला सगळ्यांना पाठवला होता. काही जणांनी अंगठे पाठवले.

दाद म्हणजे काय हे जरा समजून घ्या. ते कौतुक नव्हे. कौतुक नंतर करता येतं, अंगठा पाठवूनही करता येतं. दाद ही चालू गाण्यात द्यायची असते. गायिका एक आवर्तन बांधत बांधत नेते, तुमचा हात मांडीवर मात्रा मोजत असतो, सम येते, तिचा स्वर, तबल्याचा धा आणि तुमचा हात एका जागी पडतात. तो हात बघून तिला कळतं की जे बांधलं ते पोचलं, आता पुढचं जरा अवघड करून बघू. हात दिसला नाही तर ती सुरक्षित गाते. पाठ केलेलं गाते. मग आपण म्हणतो, हल्लीच्या मुलांच्या गाण्यात उपज नाही. आणि म्हणून शुक्रवारी घरी बसून उत्तमोत्तम व्हिडिओ बघतो, जुन्यांचे. मग हॉलमध्ये साठाच्या जागी वीस माणसं येतात. आमच्या बैठकीला मागच्या महिन्यात अठरा होती, मी मोजली. त्यांतली पाच आयोजक.

हा फक्त आपल्या छोट्या बैठकींचा प्रश्न आहे असं समजू नका. माझ्या नातीने मला कोल्डप्ले या इंग्लिश बँडचा एक व्हिडिओ दाखवला, २०१६ चा, मुंबईत चित्रित केलेला, गाण्याच्या नावातच वीकेंड आहे. वीकेंडचं स्तोत्र म्हणा. त्यात रंग उधळतायत, साधू दिसतायत, वरळीची वस्ती. मी नातीला म्हटलं, अगं, वीकेंडला मुंबईत रंग उडत नाहीत, चादरी धुतात. (हशा) ती म्हणाली, आजोबा, तुम्ही गाणं ऐका. ऐकलं. चाल चांगली आहे. पुढे जानेवारी २०२५ मध्ये ते लोक नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन दिवस गायले, नात गेली होती. ती सांगते, दारातच प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा बांधतात. गाणं चालू असताना तो आपोआप पेटतो, रंग बदलतो, सगळ्या स्टेडियमचा एकदम. नियंत्रण त्यांच्याकडे. मी म्हटलं, म्हणजे दादही त्यांचीच! पण मग तिने अजून एक गोष्ट सांगितली. एक गाणं सुरू करून गायक मध्येच थांबतो आणि विनंती करतो, एवढं एक गाणं फोन खिशात ठेवा. त्यांच्या त्या दौऱ्यात तो ठिकठिकाणी असं करायचा. नात म्हणाली, आजोबा, अख्ख्या कार्यक्रमातलं तेच गाणं मला नीट आठवतं, आणि त्याचाच व्हिडिओ माझ्याकडे नाहीये.

हे ऐकून मी तिला दुसरं काही शिकवायच्या भानगडीत पडलो नाही.

कोणाचा प्रश्न आहे का? हो, मागे, बोला. जरा मोठ्याने. ... बरं, ताई विचारतायत की आईंना अंथरुणावरून उठता येत नाही, त्यांच्यासाठी व्हिडिओच आहे, मग तो कमअस्सल का? नाही, ताई. मी तसं म्हणत नाही, आणि म्हटलं असेन तर मागे घेतो. तुमच्या आई बघतात तेव्हा तुम्ही शेजारी असता का? असता. मग झालं की. दुसऱ्या मजल्यावरचं 'छायागीत' झालं ते. एक करून बघा, वेळ ठरवा. शुक्रवारी साडेआठ म्हणजे साडेआठ, आणि मध्ये थांबवायचं नाही. आईंना सांगा, आवडलं की मोठ्याने म्हणायचं. भीमसेनजींना ऐकू जाणार नाही, तुम्हाला जाईल.

आणखी एक? हां. हे विचारतायत, आज घरी गेल्यावर काय लावू? आज काही लावू नका. ती वसईची मुलगी आज परत आली आहे, संयोजकांनी ते पत्रिकेत छापलं नव्हतं. साडेसातची विरार लोकल गर्दीची असते म्हणून तिला यायला जरा उशीर झाला, तोवर मी बोलत राहिलो. खरं सांगायचं तर माझ्या व्याख्यानाचं आजचं काम पूर्वरंगाचंच होतं. आज तिने यंत्र आणलेलं नाही, दोन खरे तंबोरे आहेत, आपल्याच एका सभासदांच्या घरचे. मागे पडद्याआड जुळवणं चाललंय. थांबा जरा, बोलू नका.

येतोय. मलासुद्धा ऐकू येतोय.